घसाऱ्याचा प्रश्न

मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करणाऱ्या आम्हा काही जणांचा मोबाइलवर ग्रुप होता. रविवारी पनवेलला वर्ग, बाकी आठवडा ग्रुप. मुलं मोठी झाल्यावर मी शिकायला बसले होते; वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून ॲडमिनही मीच. कोणत्या धड्याच्या नोट्स कोण टाकणार ते मी ठरवून दिलं आणि एक नियम घातला: टाइप करणं जमत नसेल त्याने बोलून पाठवावं.

तो नियम मोरा बंदरावरच्या एका मुलीने पाळला. घरची मासेमारी. अकाउंट्समध्ये एकदा नापास झालेली. या खेपेला विषय सुटला नाही तर शिक्षण बंद, असं घरच्यांनी बजावलेलं. तिने घसाऱ्याबद्दल विचारलं. "होडी जुनी झाली, पन पैसं तर कोनाला दिलंच नाय. मग खर्च कशाचा लिवायचा? मना कललाच नाय."

प्रश्न नेमका होता. उत्तर एकानेही दिलं नाही. विचुंब्याच्या नव्या सोसायटीत राहणाऱ्या एकाने शेवटचे तीन शब्द कापून रिंगटोन केली आणि ग्रुपवर टाकली. मग तेच सुरू. वर्ग किती वाजता? मना कललाच नाय. चहा कोण पाजणार? मना कललाच नाय. खाली हसून रडणारे पिवळे चेहरे.

मुलगी ग्रुपमधून निघून गेली.

रविवारी मी त्याला वर्गाबाहेर गाठलं. "काकू, तुम्ही फारच मनावर घेता. गंमत होती हो." मी तिथल्या तिथे त्याला ग्रुपमधून काढलं. संध्याकाळपर्यंत बाकीच्यांनी मला वगळून दुसरा ग्रुप काढला.

मुलीला फोन करून मी घसारा समजावला. होडी दरवर्षी थोडी झिजते. रोख आज गेली नाही तरी ती झीज त्या वर्षाचा खर्चच. तिला लगेच कळलं. ग्रुपचं विचारलं तर म्हणाली, "पेपर देईन, काकू. पन तिथं पुना बोलाचा नाय मना."

परीक्षा जवळ आली तसे हसणाऱ्यांचेच मेसेज यायला लागले, एकेकट्याचे, गुपचूप. त्या घसाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर काय होतं? आम्हालाही कळलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: "तिला येतं. आधी माफी मागा, मग तिलाच विचारा."

एकानेही विचारलं नाही. तसेच पेपरला बसले.

तिचा विषय सुटला. पण त्यानंतर वर्गात तिने हात वर केलेला मी कधी पाहिला नाही.