टोळीबाहेरचा दादा

कऱ्हाडहून निघालेली एसटी कात्रजच्या घाटात तापली आणि चालकाने ती कडेला घेतली. पुणं प्रथम दिसलं ते तिथून, धुरकट आणि उदास. कठड्यावर माकडांची टोळी एकमेकांच्या उवा काढत बसली होती. एक फाटक्या कानाचं माकड मात्र दहा हात लांब, पाठ फिरवून बसलेलं.

"टोळीनं हाकललाय त्याला," कणसं भाजणारी बाई म्हणाली. "उवा बी कुणी काढत न्हाई. लई दिस न्हाई टिकायचा."

तीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. उत्क्रांतीच्या धड्याला हमखास सांगायचे, की माणूसही टोळीतच घडला. टोळीबाहेर पडला तो वाघाच्या तोंडी गेला, म्हणून वाळीत पडण्याची भीती आपल्या हाडीमाशी खिळली आहे. पोरं खुशाल जांभया द्यायची. त्या दिवशी मात्र मलाच तो धडा नकोसा झाला, कारण मी ज्याच्याकडे निघाले होते, त्या माझ्या थोरल्या भावालाही टोळीने हाकललं होतं.

दादा कोथरूडच्या एका सोसायटीत राहतो. वहिनी गेल्यापासून एकटाच. कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरायची नाही, असा ठराव सोसायटीत आला, तेव्हा विरोधात एकट्या दादाचा हात वर गेला. दुसऱ्या दिवसापासून तो पोळ्या करणाऱ्या सुनंदाबाईंना स्वतः लिफ्टने वर आणू लागला. भांडायला कुणी आलं नाही. इथले लोक भांडत नाहीत, नुसतं "अहो" म्हणायचं थांबवतात. सहा महिने त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. दार उघडलं तेव्हा तो इतका वाळलेला दिसला, की मला रडू आलं.

"रविवारी सकाळी खाली सगळ्यांची मिसळ असते," जेवताना तो म्हणाला. "तू शेजारी बसलीस तर जाईन म्हणतो. एकट्याने पायच उचलत नाही गं."

"त्यासाठीच तर आलेय," मी म्हटलं.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्यांचं रिंगण मांडलं होतं. दादा प्लेटा आणायला गेला, तेवढ्यात सेक्रेटरींच्या बायकोने माझा हात धरला. "आपण पाहुण्या ना? या, बसा!" मला मधोमध बसवलं. माझ्या साडीचं कौतुक झालं. हातात मिसळीची प्लेट आली, वर सँपलचा पातळ, झणझणीत रस्सा ओतला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटत होतं.

दादा दोन्ही हातांत प्लेटा घेऊन आला. रिकामी खुर्ची नव्हती आणि सरकलं कुणी नाही.

"काका, तुम्हाला लिफ्टचं फार प्रेम," सेक्रेटरी म्हणाले. "तिकडेच उभे राहा ना."

सगळे हसले. मीही हसले.

दादा लिफ्टपाशी जाऊन उभा राहिला. तिथून तो माझ्याकडे बघत होता. मला उठायचं होतं, पण मी पाव कुस्करत खाली बघत राहिले.

वाढायला सुनंदाबाई होत्या. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं, वॉचमनचं स्टूल उचललं आणि दादापाशी नेऊन ठेवलं.

"अहो सुनंदाबाई, इकडे पाव कोण देणार?" सेक्रेटरींच्या बायकोने विचारलं.

"घ्या की हातानं," त्या म्हणाल्या, आणि स्टुलाशेजारी पायरीवर बसल्या. "बसा काका, गार होतंय."

संध्याकाळी दादा मला स्वारगेटला सोडायला आला. रागावला नाही. "मिसळ झेपली ना तुला?" एवढंच त्याने विचारलं.

गाडी सुटल्यावर मी मनाशी धडा घोकला. ही लाखो वर्षांची भीती, माझ्या एकटीचा त्यात काय दोष? घाट चढेपर्यंत तो पुरला. पण सुनंदाबाईही त्याच टोळ्यांतून आलेल्या. त्यांची त्या इमारतीत चार घरची कामं होती. मला तर तिथे कुणी ओळखतही नव्हतं.