पोर्चला बांधलेली ताडपत्री

आमच्या ह्यांचा जन्म रंगात गेला. वाळूजला एका कंपनीच्या पेंटशॉपमध्ये सव्वीस वर्षं, आणि त्याआधी चार वर्षं मोंढ्याजवळच्या एका गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली. त्यामुळं आमच्या पांढऱ्या गाडीच्या टपावरचा रंग उन्हानं पापुद्रे सुटून उडायला लागला, तेव्हा ती दुसऱ्या कुणाकडं टाकायची हे ह्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मी दोनदा म्हणाले, द्या गॅरेजवाल्याकडं आणि व्हा मोकळे. तर म्हणे, रिटायर झालो म्हणून काय हात गळून पडले का माझे? गंगापूरला पुतणीचं लग्न होतं, सगळी भावकी जमणार होती, आणि मांडवासमोर स्वतः रंगवलेली गाडी उभी करायची ह्यांना लई हौस. मी कपाळाला हात लावला. पण मनातून मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी वैजापूरची. आमच्या घरी सगळे एकाच वेळी बोलायचे, त्यामुळं आवाज खाली घेऊन बोलायचं मला कुणी शिकवलंच नाही. हे मात्र शांत. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण माझा पारा चढला की हे गप्प बसतात आणि तो उतरायची वाट बघतात. मला वाटायचं, चला, बरंय, निदान घरात एक तरी डोकं थंड आहे.

आठवडाभर घासकाम चाललं. भिजवलेल्या पॉलिश पेपरनं हे पत्रा घासायचे आणि मी पाणी द्यायची. आमच्या सिडकोत नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. तेव्हा प्रत्येक बादलीमागं मी दोन शब्द ऐकवत होतेच. मग भाड्यानं कॉम्प्रेसर आला, रंग आला, थिनर आलं, आणि रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळायचं हार्डनरही आलं. त्या डब्याचं झाकण उघडलं की नाकात मुंग्या यायच्या.

सामान आल्या आल्या ह्यांनी मला ताकीद दिली. घरात काडी ओढायची नाही. सिलिंडर बंद. देवापुढं दिवा नाही. फ्रिजसुद्धा बंद. कॉम्प्रेसर लांब मागच्या अंगणात, तिथून नळी पुढं आणायची. मी सगळं तंतोतंत पाळलं. दोन दिवस आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मला कौतुक वाटत होतं की माणूस किती जपून काम करतो. आगीची भीती आम्हा दोघांनाही होती, कारण आग डोळ्यांना दिसते. छातीत काय जाणार, हे आमच्या डोक्यात आलंच नाही.

किंवा आलं होतं, पण त्याचा बंदोबस्त केला होता असं आम्हाला वाटत होतं. ओला पंचा नाकातोंडाला घट्ट बांधायचा आणि गालात गुळाचा खडा धरायचा. हे उस्तादाचं शिकवणं. गुळानं घशातली सगळी घाण पोटात उतरते आणि निघून जाते, असं तो सांगायचा, आणि गॅरेजमधले सगळेच तसं करायचे. कंपनीत तसं चालत नसे. तिथं हवेची नळी लावलेला मास्क घातल्याशिवाय आत पाय टाकू देत नसत, आणि ते बघायला एक माणूस नेमलेला होता. घरी तो माणूस नव्हता, मी होते. मी कपाटातून कोरोनातले उरलेले मास्क काढून दिले, तर हे हसले. म्हणाले, ह्यातून सगळं आरपार जातं. मग पंच्यातून जात नाही का, असं तेव्हा माझ्या तोंडात यायला हवं होतं. एरवी कुठल्याही गोष्टीवर बोलणारी मी, नेमकी तिथं गप्प राहिले.

पहिल्या दिवशी खालचा राखाडी हात मारला. पोर्च तिन्ही बाजूंनी उघडा होता, वारा खेळता होता. दुपारी शेजारच्या भाभी फाटकाशी आल्या. त्यांच्या नव्या स्कूटरवर बारीक राखाडी ठिपके बसले होते, वाळत घातलेल्या चादरींवरही. बाई वाईट नाहीत, पण त्या दिवशी लई बोलल्या, आणि मीही काही कमी बोलले नाही. शेवटी स्कूटर मीच थिनरच्या चिंधीनं पुसून दिली. पुसता पुसता माझं डोकं जे तापलं, ते दुसऱ्या दिवशीपर्यंत उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पांढरा हात मारायच्या आधी, मी कंबर कसली. माळ्यावरची ताडपत्री काढली, जुन्या सहा साड्या काढल्या, त्या ओल्या केल्या आणि पोर्चच्या तिन्ही बाजू बांधून टाकल्या. खालून विटा ठेवल्या. ह्यांना एका अर्थी बरंच वाटलं, कारण आमच्याकडची धूळ ओल्या रंगावर बसली की सगळी मेहनत मातीत जाते. फक्त भाभींच्या घराच्या बाजूला वर हातभर जागा उघडी राहिली होती, तिच्याकडं बोट दाखवून हे म्हणाले,

"तेवढी फट राहू दे. वारा लागतो."

मी बरं म्हणाले. हे आत गेले, फवारा सुरू झाला. दहा मिनिटांत त्या फटीतून पांढरा धूर भाभींच्या भिंतीकडं निघालेला मला दिसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता परत त्या बाईचं ऐकून घेऊ का? मी स्टुलावर चढले, एक साडी घेतली आणि ती फट चिमटे लावून बंद केली. ह्यांना विचारलं नाही, सांगितलंही नाही.

आत दीड तास काम चाललं. मी बाहेर पायरीवर बसून फवाऱ्याचा आवाज ऐकत होते. मध्येमध्ये खोकला ऐकू यायचा. मी हाक मारली की आतून "हं" यायचं. एकदा "हं" यायला उशीर झाला. मी उठले, ताडपत्रीला हात लावला, आणि धूळ आत जाईल म्हणून परत बसले.

हे बाहेर आले तेव्हा डोळे लालभडक होते आणि पंचा नाकाजवळ पांढरा झाला होता. पण गाडी बघून ह्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी रिटायरमेंटच्या समारंभातही बघितलं नव्हतं. साडी बाजूला करून मला म्हणाले, बघ. टपात माझं तोंड दिसत होतं.

दुपार बरी गेली. चारच्या सुमारास छाती जड वाटते म्हणाले. सिलिंडर परत उघडून मी गुळाचं पाणी दिलं, हळदीचं दूध दिलं, छातीला बाम चोळला, वाफ दिली. मला जे जे ठाऊक होतं ते सगळं केलं, आणि प्रत्येकानंतर ह्यांचा श्वास आणखी आखूड होत गेला. दिवेलागणीला हे पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते आणि श्वासागणिक शीळ वाजत होती. ओठ निळसर दिसायला लागले. मी फाटकाशी जाऊन ओरडले, तेव्हा रिक्षा आणायला भाभींचाच नवरा धावला.

दवाखान्यात ह्यांच्या नाकातोंडाला नळीचा मास्क लावला. मी पलंगाच्या लोखंडी दांड्याला धरून उभी होते. एरवी मी बँकेत, रेशनच्या रांगेत, कुठंही आवाज चढवून काम करून घेते. तिथं कुणावर ओरडू? ह्यांचं पोट आत ओढलं जात होतं, खांदे वर उचलले जात होते, आणि माझ्याकडं करण्यासारखं काहीच नव्हतं. एक श्वाससुद्धा मी त्यांच्यासाठी घेऊ शकत नव्हते.

डॉक्टर तरुण होते, पण नीट समजावून सांगितलं. हार्डनरमधलं रसायन फुप्फुसात गेलंय. त्याला ओला कपडा, गूळ, काहीही अडवत नाही. त्याला हवेची नळी असलेला मास्क लागतो आणि मोकळी जागा लागते. मग त्यांनी विचारलं की जागा बंद होती का. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी मास्क बाजूला केला.

"मीच बंद केली होती," हे म्हणाले.

मी मास्क परत त्यांच्या नाकातोंडावर बसवला. वैजापूरची मी, पण डॉक्टरांना खरं सांगितलं नाही.

सहा दिवसांनी घरी आणलं. जीव वाचला, पण फुप्फुस ते राहिलं नाही. आता मिरचीची फोडणी चालत नाही, उदबत्ती चालत नाही. शेजारी कुणी ग्रिलला रंग दिला की आम्ही खिडक्या लावून मागच्या खोलीत जाऊन बसतो. लग्नाला हे गेले नाहीत. गाडी पुतण्या घेऊन गेला. सगळ्यांनी रंग वाखाणला म्हणे.

दोन महिने मी ती गोष्ट मनात दाबून ठेवली. मग एका सकाळी ह्यांना श्वासाच्या पंपाचं औषध देताना मला राहवेना. मी सांगून टाकलं की वरची फट मी बुजवली होती, तुम्ही आत असताना.

हे म्हणाले, ठाऊक आहे. आत एकदम अंधारलं होतं.

मी खाली बसले. मग मला हाक का मारली नाही, थांबव म्हणून का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मग म्हणाले,

"तू रागात होतीस."

एवढं म्हणायला त्यांना मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.