नववं मत बोटीवर

ती घटना आठवली की आजही मला आधी सुक्या बांगड्यांचा वास येतो. नगर जिल्ह्यात मी बरीच वर्षं फौजदारी केली. खून, दरोडे, जमिनीचे तंटे, सगळं पाहिलं. पण दुष्काळी तालुक्यातल्या एका गुन्ह्याच्या तपासासाठी मला समुद्रात बेटं पालथी घालावी लागली, ती या एकाच प्रकरणात.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. माझी नेमणूक कर्जत तालुक्यात होती. मिरजगावपासून काही मैलांवरचं एक गाव, नाव सांगत नाही. तिथल्या ग्रामपंचायतीत नऊ सदस्य. चार जुन्या सरपंचांचे, चार एका आडतदाराचे. नववी सदस्या राखीव जागेवर निवडून आलेली, बौद्ध वस्तीतली, शेतमजुरी करणारी बाई. मंगळवारी सरपंचाची निवड होती आणि ती ज्या बाजूला जाईल त्यांचा सरपंच होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आमच्याकडे अशा वेळी सदस्यांना सहलीला नेण्याची पद्धत होती. पद्धत म्हणजे काय, मतदान होईपर्यंत माणसं दूर नेऊन सांभाळायची. खायला-प्यायला घालायचं, देव दाखवायचे आणि निवडणुकीच्या सकाळी थेट कार्यालयाच्या दारात उतरवायचं. पोलिसांना हे ठाऊक असायचं. कोणी तक्रार करत नाही तोवर आम्हीही कानाडोळा करायचो.

या वेळी तक्रार आली. गुरुवारी दुपारी त्या बाईचा नवरा ठाण्यात हजर झाला. जुन्या सरपंचांच्या शेतावर कामाला होता. सोबत सरपंचांची चार माणसं होती. आडतदाराच्या जीपमधून आपल्या बायकोला पळवून नेलं, अशी त्याची फिर्याद होती. बोलताना रडत होता आणि ते रडणं खरं होतं, एवढं मी नोकरीच्या अनुभवावर सांगू शकतो. ठाणे अंमलदाराने फिर्याद घेतली, अपहरणाचं कलम लावलं आणि मी पंचांना घेऊन जागेवर गेलो.

घर एका खोलीचं. दाराचं कुलूप दगडाने फोडलेलं, दगड तिथेच पडलेला. दोन्ही वस्तू मी पंचनाम्यात घेतल्या, पंचांच्या सह्या घेतल्या. कुलूप फोडून बाई उचलली, एवढा उघड पुरावा हाती आला म्हणून मी खूश होतो. खूश असलेला अधिकारी नीट बघत नाही, हे मला पुढे कळायचं होतं.

आडतदाराला बोलावलं. तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला आणि चहा घेऊन थंडपणे बसला. आपले चार सदस्य नातेवाइकांकडे लग्नाला गेलेत, त्या बाईचं आपल्याला काही माहीत नाही, असं म्हणाला. जीप कुठे आहे विचारलं, तर ड्रायव्हर शनिशिंगणापूरला दर्शनाला घेऊन गेलाय. दोन दिवस मी शिंगणापूर, नगर, श्रीगोंदा सगळीकडे बिनतारी संदेश धाडले. जीप कुठेच नव्हती. इकडे जुन्या सरपंचांची माणसं रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसत. बाईचं काही बरंवाईट झालं तर, असं म्हणून नवऱ्याने जेवण सोडलं होतं.

शनिवारी सकाळी खबर लागली. हायवेवर एकाचं चहाचं हॉटेल होतं, तो माझा जुना खबऱ्या. त्याने सांगितलं, की जीप पहाटेच परत आलीय आणि ड्रायव्हर विहिरीवर ती धूत बसलाय. धुवून धुवून दमला तरी वास जात नाही म्हणाला. कसला वास विचारलं, तर म्हणाला, "साहेब, मासळीचा. लई जबरा हाय."

मी हवालदाराला घेऊन विहिरीवर गेलो. ड्रायव्हर पंचविशीचा, कपाळाला बुक्का लावलेला. शिंगणापूरहूनच आलो, तिथे दोन दिवस मुक्काम केला, असं धडाधडा सांगू लागला. मी मागची सीट उचलली. खाली गोणपाट, गोणपाटात सुके बांगडे. मी म्हटलं, शिंगणापूरला प्रसादात आता बांगडे देतात काय? तो म्हणाला, वाटेत काष्टीच्या बाजारात घेतले. काष्टीच्या बाजारात सुकट, बोंबील मिळतात, हे मलाही ठाऊक होतं. पण बांगडे ज्या वर्तमानपत्रात गुंडाळले होते ते कोकणातलं होतं आणि त्यावर कालची, शुक्रवारची तारीख होती. कागदावर मालवणच्या नगरपालिकेची बातमी. त्या पठ्ठ्याने सगळं धुतलं, पण बायकोसाठी घेतलेला खाऊ काही त्याच्याने टाकवला नव्हता.

तरीही तो कबूल होईना. ठाण्यात आणलं, दोन तास बसवलं. मी त्याच्या अंगाला हात लावला नाही. मारून माणूस बोलतो, पण खरंच बोलेल याची हमी नसते. शेवटी मी उठलो आणि म्हटलं, "चल, शिंगणापूरला जाऊ. चौथऱ्यासमोर उभा राहा आणि तिथं सांग, की मी इथं मुक्कामाला होतो. मी लगेच सोडतो तुला." सरकारी जीप काढायला सांगितली. ज्या गावात घरांना दारं नाहीत आणि तरी चोर हात लावायला भितो, तिथे जाऊन खोटं बोलायची छाती आमच्या भागात कोणाला आहे? जीप ठाण्याच्या फाटकाबाहेर पडायच्या आत त्याने हात जोडले.

पाचही जण मालवणला होते. आडतदाराने मोठं डोकं लावलं होतं. लॉजवर ठेवलं तर फोन येतो, नातेवाईक पोचतात, एखादा सदस्य रात्रीत फुटतो. म्हणून त्याने दिवसभराची होडी ठरवली होती. सकाळी नाश्ता करून होडीत बसवायचं, एकामागून एक बेटं दाखवायची, दुपारचं जेवण एखाद्या किनाऱ्यावर, आणि संध्याकाळी परत. ड्रायव्हर म्हणाला, "बोटीतनं मानूस पळून जाणार कुठं, साहेब?" जीप गावात दिसावी म्हणून त्याला परत पाठवलं होतं.

मी वरिष्ठांची परवानगी घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदार व एक महिला शिपाई घेऊन निघालो. रविवारी सकाळी मालवण ठाण्यात हजेरी लावली. तिथल्या अंमलदाराने धक्क्यावर माणूस दिला. पण आमची मंडळी तासाभरापूर्वीच निघाली होती. मग आम्हीही होडी केली.

हवालदार काष्टीचा. पोहायला विहिरीत शिकलेला, समुद्र पहिल्यांदाच बघत होता. मीही काही वेगळा नव्हतो. दुसऱ्याच लाटेला माझी सगळी ऐट उतरली आणि मी कडेला वाकून सकाळचा चहा समुद्राला परत केला. मी उठून उभा राहू लागलो तर तांडेल ओरडला, "सायबानू, उभे रवां नकात, बसा." आयुष्यात पहिल्यांदा एका होडीवाल्याचा हुकूम मी मुकाट्याने पाळला. महिला शिपाई मात्र मजेत बसली होती. तिला काही म्हणजे काही झालं नाही.

पहिल्या थांब्यावर, किल्ल्यावर, ते येऊन गेले होते. दुसरा थांबा खडकाळ बेटाचा, तिथे नुसते पक्षी. तिसऱ्या ठिकाणी, एका पांढऱ्या वाळूच्या बेटाजवळ, त्यांची होडी नांगरलेली दिसली. पाणी इतकं नितळ, की तळ दिसत होता. त्या पाण्यात अर्ध्या चड्ड्या घातलेले चार सन्माननीय सदस्य पालथे तरंगत होते. तोंडाला नळीवाले चष्मे, पाठी उन्हाने लालभडक. लॉजवाल्याने गोव्याहून आणलेले ते चष्मे लावून मासे बघायचे असतात, हे आमच्या तांडेलाने मला समजावलं.

पोलीस बघून ते पळतील असं मला वाटलं होतं. उलट त्यांना हायसं वाटलं. त्यातला वयस्कर सदस्य वाळूवर येऊन बसला आणि म्हणाला, की बरं झालं आलात साहेब, पाठ सोलून निघालीय, तीन दिवस नुसतं मीठ आणि ऊन.

आणि बाई? बाई अजून पाण्यात होती. लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला, कमरेला टायरची ट्यूब, तोंडाला चष्मा. आम्ही हाक मारली तरी तिला ऐकू जाईना. तांडेलाने तिला ओढून आणलं तेव्हा तिने चष्मा वर केला, माझा गणवेश पाहिला आणि शांतपणे पदर पिळला.

मी नियमाप्रमाणे वागलो. त्या चौघांना हवालदाराबरोबर एका टोकाला बसवलं आणि बाईला दुसऱ्या टोकाला नेलं. महिला शिपायाला जवळ बसवून जबाब घ्यायला सुरुवात केली. बाईला सांगितलं, की घाबरू नका, तुम्हाला कोणी पळवलं ते सांगा, आता तुम्ही सुरक्षित आहात.

ती म्हणाली, "मला कुनी पळवलं न्हाई, साहेब. नवऱ्यानं बुधवारपास्नं घरात कोंडून घातलं हुतं. मीच दाराच्या फटीतनं ड्रायव्हरच्या बायकोकडं निरोप धाडला, या आनि न्या म्हनून."

मी म्हटलं, की बाई, कुलूप फोडलेलं मी स्वतः पाहिलंय.

"मग कुलूप कुठल्या बाजूला हुतं, तेबी बघितलं असंल. मी आत, आनि कुलूप भाईर."

कुलूप मी हातात धरलं होतं, त्याचं वर्णन स्वतः लिहून घेतलं होतं. पण माणूस आत असताना दाराला बाहेरून कुलूप का, हा साधा प्रश्न मला पडला नव्हता. चोराने आत शिरायला कुलूप फोडलं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं. खरी कैद त्याआधीच झालेली होती आणि ज्याने कोंडलं तोच माझा फिर्यादी होता. मला माझी लाज वाटली, आणि ती आजही वाटते.

मग तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. तिच्या वस्तीच्या स्मशानभूमीला वाट नव्हती. मयत न्यायचं तर एका शेतातून न्यावं लागे, आणि पीक उभं असलं की शेतमालक अडवायचा. मागच्या साली तिच्या आईसारख्या सासूचं मयत बांधावर अर्धा दिवस ठेवावं लागलं होतं. ती निवडणुकीला उभी राहिली ती त्या वाटेसाठी. जुन्या सरपंचांनी तिचं मत नवऱ्याकडून परस्पर कबूल करून घेतलं, वाटेचं नाव काढू दिलं नाही. ज्याच्या शेतातून वाट जायची तो आडतदाराच्या चौघांपैकीच होता. आता पाठ सोलून वाळूवर बसलेला वयस्कर सदस्य तोच. वाट मंजूर करू, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं आणि खाली चौघांच्या सह्या होत्या.

मी विचारलं, की सह्या कशा मिळवल्या?

"गावात ही मानसं मला हापिसात बसा म्हनत न्हाईत. बोलाया गेलं की उठून जात्यात. बोटीतनं कुठं जातील? तीन दिवस माझ्या म्होरंच बसल्यात, साहेब. मी एकच गोष्ट बोलले."

आडतदाराने तिला पळता येऊ नये म्हणून होडी केली होती, आणि पळता आलं नाही ते त्याच्याच माणसांना. मला हसू आवरलं नाही. महिला शिपाईही खाली मान घालून हसत होती.

नवऱ्याविरुद्ध कोंडून ठेवल्याची तक्रार द्यायची का, हे मी तिला कायद्याने विचारलं. ती नको म्हणाली. नवऱ्याचं काम सरपंचांच्या हातात आहे, तो भ्याला, त्याला मी बघते, असं तिचं म्हणणं. तिच्या मागण्या दोनच होत्या. आडतदाराच्या गाडीतून जाणार नाही आणि नवऱ्याच्या ताब्यात देऊ नका. काष्टीला बहीण आहे, तिथे सोडा, मंगळवारी मी माझी येईन. मी हो म्हटलं आणि आवराआवर करायला सांगितली. तेव्हा ती म्हणाली, की अजून एक बेट राहिलंय, तेवढं बघून जाऊ.

गेलो. काय करणार? तिथे तिने पुन्हा चष्मा लावला, आणि मलाही लावायला लावला. पिवळे-निळे मासे माझ्या नाकासमोरून गेले. हे मी स्टेशन डायरीत लिहिलेलं नाही.

मंगळवारी कार्यालयासमोर दोन्ही गट जमले होते. मी बंदोबस्त लावला होता. बाई एसटीने आली आणि एकटी चालत आत गेली. नवरा पुढे झाला, तिला काही सांगू लागला. ती त्याच्याजवळ थांबली, हळू काहीतरी बोलली आणि पुढे गेली. आत गेल्यावर तिने हात वर करून नव्हे, चिठ्ठीने मतदान घ्या अशी मागणी केली. निकाल पाच विरुद्ध चार, आडतदाराचा माणूस सरपंच झाला. अपहरणाचा गुन्हा गैरसमजातून दाखल झाला म्हणून मी 'क' समरी पाठवली आणि फाइल बंद केली.

पण तिचं काम तिथे संपलं नाही. ज्याचं शेत होतं तो सदस्य महिन्याभरात सही विसरला. मग तिने भर ग्रामसभेत उभं राहून तो कागद स्वतः वाचला, एकेक सही नावानिशी. त्या दिवशीही मी बंदोबस्ताला होतो. ठराव मंजूर झाला.

पोलिसाला वाटतं, की फिर्याद घेऊन येतो तो पीडित. त्या प्रकरणाने मला शिकवलं, की ठाण्याची पायरी ज्याला चढता येते तोच फिर्यादी होतो. ज्याच्यावर खरा अन्याय झालाय तो कधीकधी पायरीपर्यंत पोचूच शकत नाही. त्यानंतर बाई हरवल्याची फिर्याद आली की मी कोणी नेलं हे नंतर विचारायचो. ती कशी राहत होती, तिला कोण भेटू देत होतं, हे आधी विचारायचो. त्याने माझे दोन-तीन तपास तरी वाचले.

बदली होण्याआधी मी एकदा त्या गावात गेलो होतो. वस्तीमागे बैलगाडी जाईल एवढी वाट झाली होती. तिचा नवरा फावडं घेऊन मुरूम पसरत होता. मला पाहून तो ओशाळला. कोणी काम दिलं विचारलं, तर म्हणाला, "मेंबरबाईंनी. त्यांनी इचारलं, करशील का म्हनून. मी व्हय म्हनलो."