लेखक : वरीलप्रमाणे

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अवघ्या नगर जिल्ह्यात सर्वांत जास्त पुस्तकं लिहिणारा लेखक आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांनी जन्माला घातला. त्याचं नाव 'वरीलप्रमाणे'.

ग्रंथपालांचं अक्षर देखणं, पण शाई जपून वापरायची सवय. नोंदवहीत लेखकाचं नाव आणि कपाटाचा नंबर एकदाच लिहायचे. खालच्या पुस्तकांपुढे सगळीकडे 'वरीलप्रमाणे'. वही होती तोवर नजर वर केली की लेखक सापडायचा. नव्वदीच्या अखेरीस कॉम्प्युटर आला. कर्जतच्या अभ्यासकेंद्रात विद्यार्थ्याने पडद्यावर धडा उघडला, की त्याला लागणारी आमची पुस्तकं फोनच्या तारेवरून तिथंच दिसावीत, अशी योजना. जोडणीचं काम माझ्याकडे. टायपिस्टने वही जशीच्या तशी उतरवली, कॉम्प्युटरने पुस्तकं अकारविल्हे लावली, आणि वरचे खाली, खालचे वर! लोणच्यांपासून पशुवैद्यकापर्यंत सारं एकट्या वरीलप्रमाणेंच्या नावावर. तोवर वही रद्दीत गेली होती. प्रत्येक पुस्तकाचं एक अशी जुनी कार्डंही टाकायला सांगून प्राचार्य ग्रंथपालांना म्हणाले होते, "आता तुम्हाला कुणी काही विचारायला नको." ते त्यांच्या मनाला फार लागलं. त्या दिवसापासून कुणी वेळ विचारली तरी उत्तर एकच : "कॉम्प्युटरला विचारा."

आणि एका दुपारी कर्जतहून एक अंगणवाडीताई एसटीने येऊन थडकल्या. नोकरी सांभाळून बी. ए. करणाऱ्या. पेपर चार दिवसांवर, नेमलेली जुनी कादंबरी बाजारात नाही, आणि कॉम्प्युटर लेखकाच्या नावावरून शोधायचा, म्हणून धड्याखाली उमटलं होतं, 'असे पुस्तक नाही'. मी यादी दाखवली.

"सर, ह्यो वरीलप्रमाणे कुठला म्हनायचा? लई लिवलंय की त्यानं! आन् कपाटाचा नंबरबी त्योच?"

साठ कपाटं! मला घाम फुटला. ग्रंथपालांनी पेपरातून डोकं काढलं, ताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला स्कूटरवर मागे बसवून सावेडीला घरी नेलं. पलंगाखाली कार्डांचे सगळे खण! वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा हो भावजी, केर काढायला जागा नाही ठेवली यांनी." प्रत्येक कार्डावर पूर्ण लेखक, पूर्ण नंबर, शिवाय 'परीक्षेआधी वाचू नये' असले शेरे.

हवा तो खण घेऊन परतलो, आणि कादंबरी दहा मिनिटांत सापडली. मी हुश्श करून खुर्चीत कोसळलो. पुढे ती कार्डं पाहूनच आम्ही यादी दुरुस्त केली, जोडणीही सुरळीत झाली. फक्त शेऱ्यांना कॉम्प्युटरमध्ये रकाना नव्हता. ते तेवढे राहूनच गेले.

पण त्या दुपारी ताईंनी कार्डावरचा शेरा वाचला : 'शेवटची दोन पानं गायब. शेवट मला विचारावा.' ग्रंथपाल उगाच चष्मा पुसत उभे होते. कितीतरी महिन्यांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. 'शांतता राखा'च्या पाटीखाली ताई मोठ्यांदा म्हणाल्या,

"मग सांगा की शेवट, सर! न्हाई ऐकला तर मी एसटीत बसनार न्हाई!"