आर.सी. बुकावरचं कुंकू

झेंडूचा वास आला की मला वारंगा फाट्यावरची आमची जुनी अँबॅसेडर आठवते. दसऱ्याला आई गाडीबरोबर तिचं आर.सी. बुकही पूजेला ठेवायची आणि पहिल्या पानावर कुंकवाचं ठळक स्वस्तिक काढायची. बाबा चिडायचे, "सरकारी कागद हाय तो! काहून रंगवून राहिलीस?"

एका दसऱ्याला बुकावरच राहिलेल्या पेढ्यापायी उंदरांनी त्या पानाच्या चिंध्या केल्या. कागदावाचून गाडी भंगारात जाणार, म्हणून बाबा कासावीस झाले. अक्षरं आधीच पुसट, त्यामुळे कुठला तुकडा कुठं लावायचा तेच कळेना. आई कणकेची खळ घेऊन शेजारी बसली. "अक्षरं राहू द्या," ती म्हणाली, "कुंकू जुळवा." लाल रेघेला रेघ भिडत गेली आणि स्वस्तिकासोबत गाडीचा नंबरही पुरा झाला. बाबा नुसते मिशीत हसले.

आज माझ्या नव्या गाडीचे कागद मोबाइलात आहेत. सकाळी पूजेच्या वेळी आईनं ते मागितले, मी मोबाइल पुढं केला. "अगं, थांब!" म्हणेपर्यंत तिनं काचेवर स्वस्तिक काढलंसुद्धा.

"असू दे," ती म्हणाली, "फुटला तर जुळवायला बरं पडतं."