एक हात अण्णांचा

‘गाडी सावकाश चालव. आता घाई करण्यासारखं काही राहिलेलं नाही,’ आई फोनवर म्हणाली, आणि अण्णा, माझे वडील, गेल्याचं मला कळलं. मी मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याकडे नोकरी करते. गाळ्यासमोर कांद्याच्या गाड्या उतरत होत्या, हमालांची आरडाओरड चालली होती, आणि मी फोन तसाच कानाला धरून उभी होते. आमच्या घरात आकांत करायची पद्धत नाही, सूचना द्यायची आहे. मी सावकाशच गेले. धायरीला पोहोचले तेव्हा अण्णा पलंगावर होते, चेहरा थोडा वैतागलेला... हातातलं काम सोडून कुणी उठवलं की व्हायचा तसा. नंतरच्या दिवसांत भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच शब्द वापरला, ‘सुटले.’ उजवं अंग लुळं पडलेला माणूस गेला की असं म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणणाऱ्यांचा हेतूही चांगला असतो. पण मला तो शब्द मुळीच मान्य नाही, आणि हे लिहायला बसले आहे ते त्यासाठीच. अण्णा सुटले नाहीत. त्यांना एक मासा धरायचा होता.

आमचं घराणं धायरीचं, शेतकऱ्याचं. शेतं गेली, इमारती आल्या, आणि अण्णांनी त्याच्या कितीतरी आधी बुधवार पेठेत पंखे, मिक्सर आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान टाकलं होतं. तिथे एक निवृत्त लष्करी अधिकारी पंखा दुरुस्तीला आणायचे. त्यांनी एका रविवारी अण्णांना नदीवर नेलं आणि आमच्या घराला कायमचं खूळ लावून दिलं. ही मासेमारी गांडूळ किंवा कणीक लावून करायची नव्हे. गळाच्या आकड्यावर पिसं आणि तार गुंडाळून खोटी माशी बनवायची, लवचीक काठीने लांब दोरी हवेत मागे-पुढे खेळवायची आणि ती माशी पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला ती खरी वाटावी. अण्णा जळालेल्या मोटरींतून केसाएवढी तांब्याची तार सोडवून ठेवायचे आणि तिने माश्या बांधायचे. एवढं करून मासा लागला की त्याला ओल्या हाताने सोडवून परत पाण्यात. अण्णांचे चुलतभाऊ नामाकाका एकदा नदीवर आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, ‘आरं, पाण्याला चाबकानं मारतोय व्हय? पाणी काय बैल हाय?’ आणि मासा सोडलेला पाहिल्यावर तर ते उठूनच गेले. आई बोलायची. आम्ही घरी आलो की, ‘सोडून आलात का सगळे? मग हात धुवा, गवारीची भाजी आहे.’ आमच्याकडे मासे खाल्ले जायचे, पण ते मंडईतून आणलेले.

मी एकुलती एक. मुलीला कशाला नदीवर नेतोस, असं कुणी विचारलं की अण्णा शांतपणे सांगायचे, मुलगा की मुलगी ते मासा विचारत नाही. भोरच्या वर नीरा नदी गोट्यांवरून उथळ वाहते, तिथे मी लहानपणी शिकले. पहिल्या दिवशी माझी माशी माझ्याच वेणीत अडकली. अण्णा हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. त्यांनी वेणी सोडवली आणि मला सांगितलं की दोरी मागे गेली की लगेच पुढे ओढायची नाही, तिला मागे पूर्ण सरळ होऊ द्यायचं. तेवढा वेळ हात नुसता थांबवायचा. मला ते थांबणं काही केल्या जमायचं नाही... त्या वयात कुणाला जमतं? जमलं तेव्हा कंबरेपर्यंत भिजले होते आणि मासा लागला नव्हता, तरी परतताना एसटीत मी राणीसारखी बसले होते.

मग बऱ्याच वर्षांनी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा लवकर परतली, पायही काठी धरून चालू लागला, पण उजवा हात मेलाच. दुकान बंद झालं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला स्पंजचा चेंडू दिला. अण्णांनी तो दोन दिवस दाबला आणि मग मला म्हणाले की यापेक्षा डाव्या हाताला कामाला लावू. आमच्या इमारतीच्या गच्चीवर नेम धरायला आईची परात ठेवली, दोरीच्या टोकाला लोकरीचा गोळा बांधला, आणि अण्णा खुर्चीत बसून डाव्या हाताने दोरी फेकू लागले. वाळत घातलेले कपडे खाली आले. सोसायटीच्या अध्यक्षांनी मला जिन्यात गाठून, वडिलांना गच्चीवर मासे मिळतात का, अशी चौकशी केली. मी म्हटलं, मिळाले की आपल्याकडे पाठवते. उन्हाळाभर परात कोरडीच राहिली, गोळाही तिच्यात क्वचितच पडला. अण्णा थकायचे, घामाने निथळायचे, पण खाली चला म्हटलं की फक्त गळाची काठी पुढे करायचे... अडकलेली दोरी सोडव म्हणून.

माश्या बांधायला मात्र दोन हात लागतात. जेवणाच्या टेबलाला लावलेला छोटा चिमटा आकडा घट्ट धरतो, पण एका हाताने पीस ताणून धरायचं आणि दुसऱ्याने त्याच्यावर तार फिरवायची असते. मला दोन्ही येत होतं. पण अण्णांनी हात घालू दिला नाही. म्हणाले, ‘दोन्ही हात तुझे लागले तर ती तुझी माशी झाली. मला माझी हवी आहे. निदान अर्धी तरी.’ म्हणून आम्ही टेबलाच्या कोपऱ्याला खेटून बसायचो. पीस त्यांच्या डाव्या हातात, तार माझ्या उजव्या हातात. सुरुवातीला मी ओढायचे तेव्हा ते सोडायचे, आणि ते ताणायचे तेव्हा माझी तार तुटायची. भांडलोही खूप. हळूहळू दोघांचे हात एका माणसाचे असल्यासारखे चालू लागले, आणि आयुष्यात अण्णांच्या इतकी जवळ मी कधीच बसले नव्हते. आई तेवढ्यात येऊन, पोळ्या कुठे लाटू, असं विचारायची.

नदीवर न्यायला आईचा साफ विरोध होता. विरोध करत करत तिने डबा भरून दिला. नामाकाकांच्या टेंपोतून आम्ही लाल प्लॅस्टिकची खुर्ची नेली आणि ती नीरेत, घोट्याएवढ्या पाण्यात ठेवली. काठावरच्या बायका धुणं थांबवून बघत होत्या. अण्णा बराच वेळ दोरी फेकत होते. मी पाठीशी उभी होते, पण काठीला हात लावायचा नाही, ही त्यांची अट होती. त्यांना डाव्या हाताने, स्वतः, एक मासा धरायचा होता. आणि मासा लागला. काठी वाकली, दोरी खोल पाण्याकडे पळाली. दोरी आवरायला दुसरा हात हवा, तो नव्हता, म्हणून अण्णांनी ती दातांत धरली. मी नकळत पुढे झाले. दात आवळलेले असल्याने त्यांना बोलता येईना, त्यांनी जोरजोरात मान हलवली, नाही. मी थांबले. मासा एकदा वर आला, सोनेरी खवल्यांचा, चांगला मोठा महाशीर... आणि दोरी तुटली. अण्णांच्या ओठातून रक्त आलं होतं. मला रडू फुटलं. त्यांनी तोंडातली तुटकी दोरी काढली, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘पुढच्या वेळी खुर्ची जरा पुढे ठेव.’

त्या पुढच्या वेळेसाठी आम्ही नवी माशी बांधत होतो. ती अर्धी असतानाच, एका दुपारी जेवून आडवे झालेले अण्णा उठले नाहीत.

दिवस झाले, पाहुणे गेले. टेबलाचा चिमटा कुणी काढला नाही. परवा मी ती माशी पुरी करायला बसले आणि दोन्ही हात लावायला मन होईना. पीस धरायला डावा हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. आई कणीक मळत होती. हात धुऊन ती शेजारच्या खुर्चीत येऊन बसली, अण्णांच्या खुर्चीत, आणि डाव्या हाताची बोटं पुढे करून म्हणाली, ‘कुठे धरायचं ते सांग. मला टेबल रिकामं हवंय.’ पीस निसटलं, तार तुटली, आकडा तिला टोचला. तिने बोट पदराला पुसलं आणि पुन्हा धरलं. संध्याकाळपर्यंत माशी झाली. वाकडी आहे. अण्णांनी नाक मुरडलं असतं, पण पाण्यात नेली असती.

रविवारी मी ती घेऊन नीरेला जाणार आहे. तो मासा अजून तिथेच असला पाहिजे. आईने मीही येते म्हणून जाहीर केलं आहे, फक्त काठावर बसायला, पाण्याशी आपला काही संबंध नाही, हेही स्पष्ट केलं आहे. मी बरं म्हटलं. मग काल भाजी निवडताना, वर न बघता, तिने विचारलं, ‘ओल्या दगडांवर घसरत नाही अशी चप्पल कुठे मिळते गं?’