मावळतीकडची शेवरी

हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. विषय निघाला की उठून बाहेर जात असे. आता गुडघ्यांमुळे उठणंही होत नाही.

गुडीहत्नूरजवळ आमचा पानमळा होता. नागवेलीला ऊन सोसत नाही, म्हणून वाफ्यांत शेवरी लावतात. शेंगा धरणारं हे झाड भराभर वाढतं, वेलीला आधार आणि सावली देतं, जमिनीलाही पोसतं. उन्हाळ्यात त्याला हात लावायचा नाही. आभाळ भरून आलं की मगच शेंडे छाटायचे.

त्या वर्षी थोरल्या भावाचा पाय मोडला आणि मळा माझ्या हाती आला. दाट सावलीत पान पातळ होतं. जाड, मोठं पान काढून त्याला दाखवावं, अशी मला हौस आली. भर वैशाखात मी मावळतीकडची शेवरी छाटायला घेतली. वहिनी बांधावरून ओरडल्या, "भाऊजी, तिकडची काऊन तोडून राह्यले? दुपारचं ऊन तिकडूनच येते."

"तुमी त वेलीले छत्री धरान!"

"धरीन. अन् तुमी पानाऐवजी पापड विकान."

आठवड्यात वेली करपल्या.

खाटेवरून भावानं विचारलं, "सावली कमी केली काय रे?"

"नाही दादा. दरसालासारखीच हाय."

मग आई बोलली. आमच्यात पानमळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही, आणि विटाळशी बाई तर बांधही ओलांडत नाही. "हिनंच विटाळ कालवला," आई वहिनींकडे बोट करून म्हणाली. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी चूळ भरायला बाहेर गेलो.

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. भाऊ हिंडूफिरू लागला तोवर पावसाळा होऊन शेवरीला नवे शेंडे फुटले होते. वहिनी मात्र मळ्यात पुन्हा कधी आल्या नाहीत. आम्ही खुडलेली पानं त्या बाहेर बसून निवडत. पुढे त्यांच्या सुनांनाही ऐकावं लागलं, "सासूसारखं करू नका."

त्या आजारी पडल्या तेव्हा मी नवी पानं घेऊन गेलो. काय म्हणायचं ते वाटेत पाठ केलं होतं. त्यांनी एक पान उजेडाकडे धरलं. "पातळ हाय. सावली चांगली ठेवली, भाऊजी."

मी मान हलवली, चहा प्यालो, परत आलो. पुन्हा जायच्या आत त्या गेल्या.

पाठ केलेलं एवढंच होतं: वहिनी, सावली मीच काढली होती, मला माफ करा.